ममताच्या ज्वालामुखीला तांड्याचा भोग

हरणी तांडा, ता. पुसद
९ ऑगस्ट २००६

चि. ममतास अनेक आशीर्वाद.
वि. वि. तुझं पत्र सेवालाल महाराजांच्या देवळासमोर सगळ्यांना वाचून दाखवलं. गुरू ग्रहाच्या एका चंद्रावरचा ज्वालामुखी तू कॉम्प्युटरात गणितानं उठवतेस. पण त्यातला गंधकाचा वायू छत्रीसारखा खाली पडत नाही, पडद्याबाहेर पळतो. महिनाअखेर पडला नाही तर सर विषयच काढून घेणार. तुझी याडी म्हणाली, माझ्या पोरीले शिकाले धाडलं, हे विस्तवाशी काहून खेळून राह्यली?

तांड्याचे नायक रूपसिंग म्हणाले, आग भडकली तर भोग लावा. मग याडीनं लापशी केली, निखाऱ्यावर तूप-गूळ सोडला, ज्वालामुखी शांत व्हावा म्हणून सर्वांनी हात जोडले. कापसाचं सांगण्यासारखं काही नाही. लोभ वाढता ठेव.
तुझा बापू, खेमसिंग

पुणे, १६ ऑगस्ट

ती. बापूंस सा. न.
बापू, काय केलंत हे! ज्वालामुखी विझला. वायू पळत होता तोच बरा. आता पडद्यावर नुसती काळी टेकडी. मी देवाला गणितात ओढत नाही, पण नायककाकांना विचारा, भोग परत घेता येतो का? रागावू नका, माया असू द्या.
ममता

हरणी तांडा, २१ ऑगस्ट

चि. ममतास आशीर्वाद.
दिलेला भोग परत घेता येत नाही. म्हणून तांड्याची पंचायत बसली. भीमसिंगनं विचारलं, हा वायू ढाणकीकडच्या माझ्या वावरापर्यंत येईन का, कपाशीवर गंधक मारायचे कष्ट तरी वाचतीन. नायकांनी त्याला गप्प बसवलं. निकाल असा: ज्वालामुखीनं खुशाल उडावं, पण वायू आपल्याच शिवारात पाडावा, हद्द ओलांडली तर दंड. हा निकाल पश्चिमेला तोंड करून मोठ्यानं ऐकवला. ढगांमुळे गुरू काही दिसला नाही. मला जरा लाजल्यासारखं झालं, तरी हात जोडले. आम्हाला तुझं गणित येत नाही, बाई, एवढंच येतं. माया राहू दे.
बापू

पुणे, २९ ऑगस्ट

ती. बापूंस सा. न.
वायू छत्रीसारखा उठला आणि आपल्याच शिवारात पडला! विषय माझ्याकडेच राहिला. पळणारा वायू आवरायला मी आतली उष्णता कमी करत गेले, म्हणून ज्वालामुखी विझला होता. खरी चूक त्या चंद्राच्या ओढीच्या आकड्यात निघाली, तीही तुमचं निकालाचं पत्र यायच्या आधीच. हे नायककाकांना सांगू नका.

सरांना मात्र सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग उठून दार लोटलं आणि हळूच म्हणाले, त्यांचा मंगळावरचा ज्वालामुखी कित्येक वर्षं अडलाय. नायक तिकडचा खटला घेतील का?

याडीला नमस्कार. आशीर्वाद असाच पाठीशी ठेवा.
ममता