गोलपाठी, चौकोनी आणि सव्वीस काड्या

३ मे २०२२

नव्या घराला गॅरेज एकच. गाड्या दोन — गोलपाठी आणि चौकोनी! रविवारी गिऱ्हाईक येतंय. कुठली द्यायची ते मी ठरवणार.

बोलते मी, लिहिते माझी सून रामोना. मला अक्षर येत नाही. पण तिनं मधे स्वतःचं काही घुसडलं तर तिच्या चेहऱ्यावरून कळतं!

४ मे

दोघींत बसून पाहिलं. आमच्या जमातीतल्या बायकांनी गाडी जोखायची ती घागऱ्यानं — काळ्या मखमलीचा, इतका जड की उचलताना पुरुषाची कंबर धरेल. गोलपाठी एकसष्ट सालची. पुढची सीट बाकासारखी सलग, घागरा पसरून राणीसारखं बसा. चौकोनी अठ्ठ्याऐंशीची. मधेच दांडा, वर पट्टा — कुठे घागरा, कुठे मी!

पण जानेवारीच्या बर्फात चौकोनी एका किल्लीत उठते. गोलपाठीला आधी गोंजारा, मग शिव्या द्या, मग ढकला.

अल्लान म्हणाला, "आई, गोलपाठीच दे. नाहीतरी वर्षात तीसच दिवस रस्त्यावर काढता येते."

म्हटलं, "तीस कुठले? सव्वीस!" माझाच मुलगा, त्यालाही मोजता येत नाही.

५ मे

पाऊस. दोघी गळत नाहीत. मीच गळते.

६ मे

सव्वीसचं लिही गं. गोलपाठी जुनी म्हणून सरकारात नोंदलेली. वर्षाला तीस दिवस, प्रत्येक दिवस वहीत मांडायचा. माझा नवरा वाल्देमार मांडायचा. मी दर सहलीला काडेपेटीत एक काडी टाकायची. सव्वीस काड्या झाल्या की हा गाडीवर चादर घालायचा — "तीस भरले, हिल्मा." दर वर्षी!

"तुला अक्षर येतं रे, आकडा येत नाही," मी म्हणायची. नुसता हसायचा.

७ मे

रामोना, हे लिही आणि तोंड मिट. मी गोलपाठी चालवलेली आहे! लायसन नाही — परीक्षा कागदावरची. मेपासून ऑगस्टपर्यंत, महिन्यातून एकदा, वाल्देमार सौनात वाफ घेऊन आडवा झाला की किल्ली घागऱ्यात. तळ्यापर्यंत जायचं, परत. त्याला पत्ता नाही!

रामोना म्हणते, "आई, मग तीच ठेवा ना."

नाही. पन्नास वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं त्यानं — घे हिल्मा, चालव. कधी म्हणालाच नाही. तसाच गेला. गोलपाठी जाणार. ठरलं.

८ मे

गिऱ्हाइकाला गाडीची वही बघायची होती. रामोनानं अंगणातच वाचून दाखवली. दर वर्षी सव्वीस ओळी त्याच्या. आणि चार अशा — "हिल्मा. तळ्यापर्यंत. मी झोपलेलो."

शेवटच्या उन्हाळ्याची — "हिल्मा. तळ्यापर्यंत. दुसरा गिअर आता छान टाकते."

गिऱ्हाईक चौकोनी घेऊन गेलं.