सासूबाईंच्या बरणीतलं आंबटपाणी

३ तारीख, मंगळवार

मिळालं! नातीला सूतगिरणीचं कॅन्टीन मिळालं! सोळा तारखेला उघडायचं. सकाळी दारातूनच ओरडली, "आजी, पहिल्या दिवशी तुझंच सूप!" माझे हात साबणाच्या फेसात. तशीच तिला मिठी मारली. तिचा नवा कोट भिजला. भिजू दे!

माझी शाळा चौथीपर्यंत. पण सूप म्हणाल तर ते माझं. आमच्या वरच्या मुलखाचं. कोबी, गाजर, बटाटा, घेवडा — ते सगळीकडे तेच. फरक आंबटात. खालच्या मुलखातले लोक लिंबू पिळतात नि मोकळे होतात. आम्ही घालतो आंबटपाणी. गव्हाचा कोंडा नि बिटाच्या फोडी कोमट पाण्यात भिजवायच्या, वर पळीभर जुनं आंबटपाणी विरजणासारखं घालायचं. ते जुनं कधी संपू द्यायचं नाही. सासूबाईंना त्यांच्या सासूकडून आलं, तिला आणखी कुणाकडून. लग्नानंतर आठव्या दिवशी बरणी माझ्या हातात दिली नि म्हणाल्या, "हातून पोर पडलं तरी एक वेळ चालेल, ही पडता कामा नये." पोरं पडली माझी, दोनदा. बरणी नाही!

५ तारीख, गुरुवार

नात वजनकाटा घेऊन आली. "आजी, चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?" आता चिमूट म्हणजे चिमूट! तिने पाच वेळा माझी चिमूट काट्यावर टाकायला लावली. पाचही वेळा आकडा तोच. "आजी, तू मशीन आहेस!" दिवसभर फुशारून फिरले.

मग शिकवलं. मीठ बटाटा अर्धा शिजला की. मिरपूड उतरवताना. आंबटपाणी अगदी शेवटी, गॅस बंद करून, एकेक पळी, आणि दर पळीला चाखायचं. जिभेच्या दोन्ही कडा ओढल्या गेल्या पाहिजेत, पण डोळा मिटता कामा नये. मिटला की जास्त झालं. तिने हेही लिहून घेतलं नि विचारते, "एक डोळा की दोन्ही?" वात्रट कुठली.

७ तारीख, शनिवार

गेलं. सगळं गेलं.

मी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. तेवढ्यात नातजावयाने माझं स्वयंपाकघर घासून काढलं. प्रेमानेच! शिडीसारखा उंच, वरच्या फळीपर्यंत हात पोचतो, तोच घात झाला. "आजी, त्या बरणीला फेस आला होता, वास येत होता. कढत पाण्याने तीनदा धुतली." तीनदा! उन्हात पालथी घातली होती, नव्यासारखी चकचकीत. मी उचलून आत बोट फिरवलं, थेंब नाही. नातीने त्याला समजावून सांगितलं, तेव्हा बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

जुनं घातल्याशिवाय नवं धरत नाही, नुसता कोंडा कुजतो — सासूबाई नेहमी सांगायच्या.

८ तारीख, रविवार

त्याच पाण्याची दुसरी बरणी एकाच घरात आहे. वन्संच्या. मी जायची नाही.

९ तारीख, सोमवार

वन्सं म्हणजे माझी नणंद. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सात वर्षं बोलणं नाही. पुतण्याच्या लग्नात सूप त्यांनी केलं होतं. जो तो वाहवा करत होता, नि माझ्या पोटात दुखायला लागलं. मी चारचौघांत त्यांना म्हणाले, "चांगलंय हो, पण आईंची चव काही तुमच्या हाताला आली नाही." त्यांनी पळी खाली ठेवली नि घरी गेल्या.

इथे लिहायला काय हरकत आहे — चव आली होती.

आज लिंबू पिळून सूप केलं. नात म्हणाली, "छान झालंय." नि दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

१० तारीख, मंगळवार

गेले! नातजावयाला बरोबर घेतलं. जिन्यासाठी म्हटलं, खरं तर धीरासाठी.

वन्संनी दार उघडलं. पायापासून वर बघितलं. "वहिनी, जिना चढलीस? गुडघा बरा दिसतोय." मी म्हटलं, "बरा कसला, गंजलाय. सात वर्षं हा जिना चढले नाही ना!" नातजावयाने माझ्याआधीच कान धरून सगळं कबूल केलं. "तीनदा धुतलीस?" म्हणत वन्सं इतक्या हसल्या की ठसकाच लागला. मग आत जाऊन बाटली भरून आणली.

चहाचा कप हातात आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी मी लग्नात —"

"चहा निवतोय तुझा," म्हणाल्या.

१४ तारीख, शनिवार

धरलं! फेस आला! नातजावयाने फळीवर चिठ्ठी डकवलीय : 'बरणीला हात लावू नये. — हात लावणारा.'

१६ तारीख, सोमवार

पाय मोडून आलेत, पण लिहिणारच. वन्सं आल्या, न बोलावता, स्वतःची सुरी घेऊन! पोतंभर गाजरं सोलली. मग मी घालत होते, त्या चाखत होत्या. "अजून एक." "पुरे हो, वन्सं." "घाल गं, एक!" अकरा पळ्या झाल्या. डोळा मिटला नाही.

पहिल्या पाळीचे लोक आले, केसांत कापूस घेऊन. एक आडदांड फिटर चमचा ठेवून तोंडालाच वाटी लावून प्यायला. "हे तर आमच्याकडचं!" तीन वाट्या घेतल्या त्याने. एक वाजता पातेलं रिकामं. नात रडत होती नि हसत होती.

मी ज्याला त्याला सांगत होते, हे पाणी शंभर वर्षांचं आहे. वन्सं पाठ करून वाट्या विसळत होत्या. खांदे हलत होते. मला वाटलं, आईंच्या आठवणीने.

१७ तारीख, मंगळवार

हसत होत्या! आज सांगितलं. माझं लग्न व्हायच्या आधी, नऊ वर्षांच्या असताना, त्यांच्याच हातून बरणी सांडली. सगळीच. आई माहेरी गेलेली. भीतीने नुसता कोंडा, बीट नि कोमट पाणी घालून ठेवलं, आठ दिवस ढवळलं. धरलं. आईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणजे जन्मभर मी आईंची म्हणत आले ती चव यांच्या हातची. आणि लग्नात मी त्यांनाच —

आणि त्या गप्प राहिल्या!

आज बरणीच्या तोंडावरचं फडकं त्यांनाच बांधायला दिलं.