शिट्टीच्या आणि माझ्या चौऱ्याऐंशी गोळ्या

माझ्या लाडक्या आणि तेवढ्याच हट्टी धाकटीस, थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? यजमानांचा खोकला गेला की अजून शेजाऱ्यांना जागवतो? मी खडखडीत आहे, गुडघे सोडून. (ते हल्ली वेगळं बिऱ्हाड करून असल्यासारखे वागतात.) अक्षर कोंबडी नाचून गेल्यासारखं आहे, ते चालवून घे. शाळा चौथीत सुटली, तोंड मात्र अजून सुटलेलं आहे.

तर नात नर्स झाली हे तुला ठाऊक आहेच. कुठे, असं तू विचारलं होतंस तेव्हा मी विषय बदलला, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा, भिंतीला टेकलेली बाकं आणि वापरलेल्या सुया टाकायला एक पिवळा डबा, एवढाच तो दवाखाना. गुडघ्यांसाठी चाला असं डॉक्टर म्हणाले म्हणून मी तिचं जेवण पोचवायला जाऊ लागले, आणि पोचवल्यावर परत यायचं असतं हे विसरून तिथेच बसू लागले. येणारे सगळे हडकुळे, गालफडं बसलेले, आणि जो तो नव्या सुयांचं पाकीट मागून नेणारा. मी मनात म्हटलं, अगं बाई, एवढ्या धडधाकट वयात सगळ्यांना साखरेचा आजार! तिथला चहा मी ताब्यात घेतला होताच. (कुणी दिला नव्हता, मीच घेतला.) तीन दिवस सगळ्यांना बिनसाखरेचा चहा पाजला, वर पथ्यावर भाषण दिलं. बिचारे माना डोलावत प्यायले. चौथ्या दिवशी त्यांच्यातला एक चाळिशीचा बाप्या घसा खाकरून पुढे आला. पुढच्या दोन दातांच्या फटीतून बोलताना हवा सुटते म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. म्हणाला, "आजी, आम्हाला साखर नाही हो झालेली. आम्ही नशेची सुई घेतो. आता चहात साखर टाका, पाया पडतो."

नात हसून हसून खुर्चीवरून घसरली. मग तिने मला समजावलं. एकाची सुई दुसऱ्याने वापरली की हेपटायटिस सी नावाची कावीळ रक्तात शिरते. बाहेरून काही दिसत नाही, आत यकृत वर्षानुवर्षं पोखरत राहते. म्हणून नव्या सुया फुकट द्यायच्या. आणि कावीळ झालीच तर रोज एक गोळी, बारा आठवडे, की माणूस बरा. इतकं सोपं, तरी हे लोक उपचाराला जात नाहीत म्हणून नात कपाळाला हात लावून बसायची. शिट्टी दोनदा मोठ्या दवाखान्यात गेला होता. एकदा पहारेकऱ्याने फाटकातूनच हाकलला, एकदा आतून सांगितलं, आधी नशा सोड मग ये. आता तिथे तशी अट घालत नाहीत, पण त्याचा विश्वास उडाला होता, आणि यकृत कडक होत चाललं होतं. या वर्षी गोळ्या घेतल्या नाहीत तर पुढे कठीण आहे, असं नात म्हणाली. मला असा राग आला! मी चाळीस वर्षं तपकीर ओढते. मला कुणी म्हटलं का, आधी तपकीर सोड, मग गुडघ्यांचं औषध देतो?

शिट्टीची गत पाहून बाकीचे साध्या तपासणीलाही बोट देईनात, तेव्हा मी पदर खोचून पुढे झाले. म्हटलं, घाबरटांनो, बघा, मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. आणि दिलं बोट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटांनी नातीचा चेहरा उतरला. अगं, मलाच निघाली! मोठ्या तपासणीतही तेच. मी शिकवायला गेले आणि वर्गात पहिली आले.

मग काय, उलटंच झालं. शिट्टी म्हणाला, आजी एकट्या कशा जातील, आणि मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. फाटकाशी तोच पहारेकरी. माझे पांढरे केस पाहून उठला, मला खुर्ची दिली. मी ती शिट्टीला दिली. (पहारेकऱ्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.) आत डॉक्टरीणबाईंना सांगितलं, याला आणि मला एकाच दिवशी सुरू करा, नाहीतर मी घरी चालले. दोघांनाही सुरू झालं. रोज अकरा वाजता बाकावर समोरासमोर बसायचं, "तू आधी", "छे, वडीलधाऱ्यांनी आधी", असं भांडायचं आणि गिळायची.

सातव्या आठवड्यात तो आलाच नाही. चौकशी केली तर पोलीस चौकीत. काही केलं नव्हतं, नुसता उभा होता. मी त्याची गोळी रुमालात बांधून गेले. साहेब म्हणाले, औषध आत देता येणार नाही. मी म्हटलं बरं, आणि बाकावर बसून त्यांना माझ्या पहिल्या बाळंतपणापासून सांगायला घेतलं. तिसऱ्या बाळंतपणाला कळा सुरू होताहेत तोवर साहेबांनी स्वतः पेला भरून गोळी आत नेली. संध्याकाळी त्यालाही सोडलं. (चौथं मी राखून ठेवलं आहे.)

चौऱ्याऐंशी गोळ्या झाल्या. तीन महिने थांबून पुन्हा रक्त दिलं. दोघांचंही स्वच्छ! शिट्टी भिंतीकडे तोंड करून रडला आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाला. नशा अजून सुटलेली नाही, खोटं कशाला सांगू, पण कमी झाली आहे आणि सुई दर वेळी नवी असते. आता तो नातीच्या दवाखान्यातच कामाला आहे, लोकांच्या घरी जाऊन तपासणी करतो. हात इतका हलका की कळतही नाही.

बाकी ठीक. मला काही नको, सहज लिहिलं.

तुझी थोरली

ता.क. तपकीर सोडलेली नाही. विचारू नकोस.

ता.क. दुसरा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, तुम्हाला ही कधी झाली असेल? मी खूप आठवलं. लहानपणी तापाची साथ आली तेव्हा कंपाउंडरने आख्ख्या गल्लीला काचेच्या सिरिंजच्या एकाच सुईने टोचलं होतं. माझ्या आधी कोण होतं देव जाणे. माझ्यानंतर तू होतीस.

ता.क. तिसरा. हे पत्र घेऊन जो आला आहे, तोच शिट्टी. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पत्र वाचून होईस्तोवर त्याला उंबऱ्याबाहेर उभा केला असशील. आता त्याला आत घे, आणि बोट पुढे कर.