विहारातला संगणक

शनिवार, १५ नोव्हेंबर

कित्येक महिन्यांत इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी.

बुद्धविहारातल्या जुन्या संगणकासाठी मी पेन ड्राइव्हवर हलकं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी प्रणाली, तयार केलं. माझ्या लॅपटॉपवर ते लगेच सुरू होतं. विहारात मात्र नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. सेटिंग बदललं, ड्राइव्ह नव्याने तयार केला, तरी तीच रेघ. हलकं करायच्या नादात मीच गरजेचं काही काढून टाकलं का? कळत नाही.

तिथे मुलींचे वर्ग घेणाऱ्या मंदाताई मागेच उभ्या होत्या. "भाऊ, हे तं नुसती डोळे मिचकावून राहिली. उद्या पोट्ट्या येतील शिकाले. होईल नं?"

"हव," म्हणालो. का म्हणालो? त्यांनी लगेच घरोघरी फोन लावले. मी ऐकत बसलो.

उद्या: सकाळीच मंदाताईंना खरं सांगणे.