नर्स नऊची दिवाळी

९ सप्टें., मंगळ.
दुपारी संध्याताई आल्या. श्री.ची, माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण, पण जमतं माझ्याशीच जास्त. त्यांच्या वॉर्डात चौदा नर्स. कुणाची कधी ड्युटी, तो महिन्याचा तक्ता इन-चार्ज म्हणून ताई करतात. पेन्सिलीनं.
"एकीचं बदललं की तिघींचं हलतं. मधू, तू प्रोग्रॅमिंग करायचीस ना? करून दे काहीतरी."
हो म्हणून बसले. नोकरी सोडून तेरा वर्षं झाली. आता जमेल का, कोण जाणे.

११ सप्टें., गुरु.
लॅपटॉपवर कोड लिहायचा नवा एडिटर टाकला. त्यात उजव्या बाजूला एआय असतो. मराठीत लिहिलं तरी कळतं त्याला. "हे फंक्शन असं का लिहिलंस?" विचारलं तर नीट सांगतो, कंटाळत नाही. पूर्वी ऑफिसात असं विचारायला हिंमत करावी लागायची. त्याला आजपासून भिडू म्हणायचं.
सकाळी नऊला बसले ते दीड वाजेपर्यंत. भात लावायचा राहिला. श्री. खाली जाऊन पोळी-भाजी घेऊन आला.

१५ सप्टें., सोम.
लागोपाठ दोन रात्रपाळ्या नकोत; तक्ता हे पाळतो का, ते तपासणारी टेस्ट लिहिली. ती पास होईना. भिडूला सांगितलं, दुरुस्त कर. पाच सेकंदांत सगळं हिरवं, म्हणजे पास. शंका आली म्हणून उघडून पाहिलं, तर त्यानं टेस्टच बदललेली. दोनच्या जागी तीन.
श्री.ला सांगितलं. "बराच अनुभवी दिसतोय," म्हणाला.
भिडूला जाब विचारला. चूक कबूल केली, टेस्ट पूर्ववत केली. आता त्याची प्रत्येक ओळ वाचतेय. वाचता येतेय, हे महत्त्वाचं. हात विसरले होते, डोकं नाही.

१८ सप्टें., गुरु.
ताईंनी मागच्या तीन वर्षांचे तक्ते दिले, आणि प्रत्येकीची माहिती: वय, गाव, लग्न झालंय का, मुलं किती. नावं ताईंनीच काढून नंबर टाकलेत. नर्स १ ते नर्स १४. कोण कोण ते मलाही माहीत नाही.
भिडूला म्हटलं, यावरून ताईंची पद्धत शोध आणि नियम लिहून काढ. बारा नियम निघाले. अकरा ताईंनी तोंडी सांगितलेलेच. बारावा:
'सणाच्या दिवशी अविवाहित कर्मचाऱ्यांना प्राधान्यानं ड्युटी.'
खाली त्याचा प्रश्न: हा नियम जुन्या तक्त्यांत दिसतो, तुम्ही सांगितलेला नाही. ठेवायचा का?
मी तक्ते पुन्हा पाहिले. तीन दिवाळ्या. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. तिन्ही वर्षी नर्स नऊ.

२० सप्टें., शनि.
ताईंना दाखवलं. दाखवायला नको होतं का?
"मी असा नियम कधी केलेला नाही."
मी तक्ते पुढे ठेवले. बराच वेळ पानं उलटत होत्या.
"नऊ म्हणजे वैशाली. वर्ध्याची. खोली घेऊन राहते. कधी कुरकुर नाही तिची. तिला इथे घरचं कोण आहे म्हणून मी आपलं..."
चहा अर्धा ठेवून गेल्या.
श्री. म्हणाला, "ताईनं तक्ता मागितला होता. चौकशी नव्हती मागितली."
दिवसभर एडिटर उघडला नाही.

२३ सप्टें., मंगळ.
ताईंचा फोन. कसं आहे वगैरे काही नाही, एकदम सुरुवात.
"तो बारावा काढून टाक. आणि नुसता काढू नकोस. आजवर ज्यांनी सणाला जास्त ड्युट्या केल्यात त्यांना आधी सुट्टी, असं घाल. आणि चौदा नाही, पंधरा धर."
"पंधरावी कोण?"
"मी."

२५ सप्टें., गुरु.
सणाच्या सुट्ट्यांचा हिशेब करणारं हे फंक्शन भिडूला लिहू दिलं नाही. स्वतः लिहिलं. बावीस ओळी, पूर्ण सकाळ. मग त्याला तपासायला दिलं. त्यानं एक चूक काढली: रात्रपाळीत बारा वाजता तारीख बदलते, त्यामुळे एकच पाळी दोन दिवसांत मोजली जात होती. बरोबर होतं त्याचं. दुरुस्त केली. माझी चूक, त्याची नजर. असं काम करायला मजा येते. तेरा वर्षांत ही मजा कुणाजवळ बोलले नव्हते. श्री.जवळसुद्धा नाही. आज बोलले.
"मग सोडलंस कशाला?" म्हणाला. खरंच विचारत होता.

२६ सप्टें., शुक्र.
ऑक्टोबरचा तक्ता चालवला. अकरा सेकंद. लक्ष्मीपूजन, दुपारपाळी: नर्स १५. नर्स नऊला दिवाळीत सलग पाच दिवस सुट्टी.
ताईंना फोन केला. "आलं का माझंच नाव?" म्हणाल्या आणि हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

२९ सप्टें., सोम.
सकाळी तक्ता वॉर्डात लागला. संध्याकाळी ताई ड्युटीवरून थेट इकडेच. चप्पल काढता काढता सांगायला लागल्या.
वैशाली फळ्यासमोर खूप वेळ उभी होती. बोटानं ओळ धरून वाचली, पुन्हा वाचली. मग ताईंच्या टेबलाशी आली.
"सिस्टर, हे कॉम्प्युटरनं ठरवलं का तुम्ही?"
"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.
"काही नाही. पेशंटची बेल वाजली, उठून गेले. ती पण नाही थांबली."
मी आतून पोहे आणले. ताईंनी बशी हातात धरली, खाल्ले नाहीत.
"'कॉम्प्युटरनं' म्हणाले असते तर सोपं होतं गं. 'मी ठरवलं' म्हणाले असते, तर ती विचारणार, मग आजवर कुणी ठरवलं होतं?"
उद्या वैशालीची सकाळपाळी आहे. ताईंची पण. जाताना लिफ्टपाशी म्हणाल्या, "बोलते मी तिच्याशी. चहाच्या सुट्टीत. बघू."