ट्रॅक्टर बांधून पाठवला

प्रिय हट्टोबा,

तू माझा फोन उचलत नाहीस, भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून पडतोस. डॉक्टरांनी पाय कापलाय, जीभ नाही. गेल्या आठवड्यात बोललास ते एवढंच, ट्रॅक्टर विकून टाक. म्हणून हे पत्र. नर्सला सांगून ठेवलंय, तू वाचलं नाहीस तर तिनं मोठ्यानं वाचावं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे.

तर आज ट्रॅक्टर ट्रेलरवर चढला. ट्रेलरवाला उशिरा आला आणि वर घाईही त्यालाच. दोन दोर काढले आणि एक थेट स्टिअरिंगच्या दांड्याला गुंडाळायला लागला! मी अडवलं तर म्हणतो, मावशी, मी आयुष्यभर असंच बांधतोय. म्हटलं, मग आयुष्यभर चुकतोयस. रस्त्यात हिसका बसला की दांडा वाकेल. आमच्या शाळेतल्या नन माझ्या रिबिनीसुद्धा याहून घट्ट बांधायच्या.

तुझ्यासोबत इतकी वर्षं साखळीचं टोक धरून उभी राहिलेय, कुरकुरत का होईना. थोडं डोक्यात शिरलंच ना! घरातून आपल्या चार साखळ्या आणल्या. दोन पुढच्या अ‍ॅक्सलला, दोन मागे, प्रत्येकीला ट्रेलरचा वेगळा हूक. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, नांगर खाली टेकवलेला. टायर जरासे दबेपर्यंत कसायला लावलं. मग मी खांद्यानं ढकलून पाहिलं. ढिम्म हलला नाही, अगदी तुझ्यासारखा.

त्याला बजावलं, थोडं अंतर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा कस. तो इतक्या चटकन हो म्हणाला की मला विश्वासच बसेना. पेट्रोल पंपापर्यंत त्याच्या शेजारीच बसून गेले. मागची एक साखळी खरंच सैलावली होती. त्यानं गुपचूप कसली. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. माझ्याही अंगात थोडा चांगुलपणा आहे.

आता नीट ऐक. गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही, ट्रॅक्टर गॅरेजमध्ये गेलाय. तुझा डावा पाय गेला, हात शाबूत आहेत, म्हणून मेकॅनिक क्लचसाठी हातानं ओढायचा दांडा बसवून देतोय. पण तो किती उंच हवा हे तू सीटवर बसल्याशिवाय त्याला ठरवता येत नाही. तेव्हा उद्या त्या कुबड्यांवर चालायला शिकवणाऱ्या मुलीला परत पाठवू नकोस. काम तुझ्या मापासाठी अडलंय.

तुझीच,
अजून चिडलेली बायको