ठमीच्या नावाची डबी

सोमवार, दुपार

चि. बाय हिला बाबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. परक्या गावात जेवणाची हयगय करू नकोस. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. ठमी खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरायची नाहीस.

लहान मुलांच्या पोटातल्या जंतूंवर संशोधन करणारे लोक आपल्या गल्लीत आलेत, हे मागे कळवलं होतं. त्यांनी तपासणीसाठी एकाआड एक घर निवडलं. आपलं घेतलं, शेजारच्या शिवणवालीचं सुटलं. दर सोमवारी त्यांची ताई बर्फाची पेटी घेऊन येते आणि ठमीच्या नावाची शीची डबी घेऊन जाते. झाकणालाच चमचा आहे, सोय चांगली आहे. बदल्यात ठमीला काही झालं तर त्यांची डॉक्टरीण बघते.

परवा ती डॉक्टरीण स्वतः घरी आली. ठमीला काट्यावर उभं केलं, पोट दाबून पाहिलं. म्हणाली, "आजोबा, हिच्या पोटात केवढे जंतू आहेत, आणि ही बघा कशी टुणटुणीत! अशीच मुलं आम्ही शोधतोय. हिला का बाधत नाही ते कळलं, तर बाकीची मुलं वाचतील."

औषध दिलं नाही. आजारीच नाही तर कशाला, म्हणाली. आता रक्त काढणार, मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासणार. गल्लीतले म्हणतात, काका, नशीब काढलंत. मी मान खाली घालून घरात येतो.

बाय, डबी दिसली की तुझ्या लेकीचं पोट कुलूप लावून बसतं. किती विनवण्या केल्या! "आजोबा, तुम्हीच करा ना," म्हणते कार्टी. ताई दारात उभी. शिवणवाली कामावर गेली की तिचा ढब्बू माझ्याकडेच असतो, आणि त्याचं तर दिवसभर तेच चाललेलं. म्हटलं, पोरांची शी ती शी, तिच्यावर काय नाव लिहिलेलं असतं? त्या दिवशी वेळ निभावली. पुढच्या सोमवारीही तेच केलं. मग ठमीला विनवायचंही सोडलं.

जन्मला तेव्हा गुटगुटीत, म्हणून त्याला ढब्बू म्हणतात. आता उचलला तर हातात नुसते कपडे येतात.

काल शिवणवाली म्हणाली, "काका, तुमच्या ताईंना विचारा ना, याला एकदा बघतील का? तुमचा शब्द मोडायच्या नाहीत त्या." मी म्हटलं, विचारतो. आणि दार लावून घेतलं.

खरं सांगितलं तर डॉक्टरीण जाईल, गल्लीत छी-थू होईल. ते सोसेन. पण मागच्या पत्रात तू लिहिलंस, बाबांच्यानं होत नसेल तर ठमीला वसतिगृहात ठेवते. ते वाक्य मला पाठ झालंय. आणि गप्प बसावं, तर हिच्या दंडाला उगाच सुया, आणि त्या पोराचं दुखणं हिच्या नावावर अडकलेलं. कुठून बाहेर पडू, सांग.

ताई येईलच आता. ठमी पायरीवर बसून गाणं म्हणतेय. ढब्बू माझ्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर हललंय. आज डबी रिकामी देणार आणि याला ताईच्या हातात देणार. त्याचं वजन तिच्या हाताला कळलं की मला बोलावंच लागेल. त्याआधी हे पत्र कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून येतो. एकदा तुला कळणार हे ठरलं की ताईपासून लपवून मला काय राखायचंय?

ठमीचे कपडे धुऊन घडी करून ठेवलेत. न्यायला आलीस तर तिची लाल चप्पल विसरू नकोस. ती माझ्या खाटेखाली असते.

तू येईपर्यंत तरी तुझ्या लेकीला सांभाळणारा,
बाबा